८०८५ अजून का शिकवतात, आणि मायक्रोप्रोसेसर खरा कसा वाढला

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला अजून ८०८५ शिकवतात. बाजारात तो कुठेच दिसत नाही. इतिहास म्हणून एक तक्ता दिलाय, ४००४ पासून पेंटियमपर्यंत: वर्ष, बिट, ट्रान्झिस्टर. ओरलला तेवढंच विचारतात. हे पाठ करून काय मिळतं? थेट एआरएमपासून सुरुवात का करत नाहीत?"

तक्त्याबद्दलची तुमची तक्रार मला पूर्ण मान्य आहे. ८०८५, म्हणजे इंटेलचा तो जुना आठ बिटी मायक्रोप्रोसेसर, त्याच्याबद्दलची मान्य नाही. गेली अठ्ठावीस वर्षं मी हार्डवेअर डिझाइन करतोय, सुरुवात भोसरीतल्या एका वजनकाट्याच्या वर्कशॉपमध्ये ८०८५ च्या बोर्डांवर झाली, आणि आज मी जे बोर्ड करतो त्यांत चार-चार कोअरचे एआरएम, म्हणजे मोबाइलमध्ये असतात त्या जातीचे प्रोसेसर, असतात. या सगळ्या काळात एक गोष्ट मला वारंवार दिसली. मायक्रोप्रोसेसरचा इतिहास जिना चढल्यासारखा ४, ८, १६, ३२, ६४ असा झालेला नाही. कुणातरी एका गिऱ्हाइकासाठी, घाईत, त्या वेळच्या अडचणीतून वाट काढायला घेतलेले निर्णय पुढे कुणालाच मोडता आले नाहीत. ते निर्णय तुमच्या लॅपटॉपमध्ये आत्ता या क्षणी चालू आहेत. तक्ता नेमकं हेच लपवतो.

आधी स्वतः बघा. लिनक्स असलेला कुठलाही इंटेलचा किंवा एएमडीचा लॅपटॉप घ्या. जीडीबी या प्रोग्रॅम तपासायच्या साधनात एखादा छोटा सी प्रोग्रॅम मेनपाशी थांबवा आणि रजिस्टर छापून बघा. ईफ्लॅग्ज, म्हणजे हिशोबाच्या निकालाच्या खुणा (फ्लॅग) धरणारं रजिस्टर, त्याच्या समोर बहुतेक वेळा हेक्समध्ये २४६ दिसेल. ते बायनरीत उलगडा: ००१० ०१०० ०११०. उजवीकडून शून्यापासून मोजलं तर १, २, ६ आणि ९ नंबरचे बिट चढलेले आहेत. नववा इंटरप्टचा. सहावा झीरो फ्लॅग. दुसरा पॅरिटी, म्हणजे बाइटातल्या १ ची संख्या सम की विषम. आणि पहिला? त्याचं काहीच काम नाही, तो कायम १ असतो. आता तुमच्या जर्नलमध्ये काढलेली ८०८५ ची फ्लॅगची चौकट उघडा: सातव्या जागी साइन, सहाव्या जागी झीरो, चौथ्यात ऑक्झिलरी कॅरी, दुसऱ्यात पॅरिटी, शून्याव्यात कॅरी. तीच चौकट. आणि तो निरुपयोगी पहिला बिट ८०८० मध्येही कायम १ असायचा, तो तसाच पुढे चालत आला. १९७४ सालची बिटांची जागा आजच्या ६४ बिटी प्रोसेसरमध्ये जशीच्या तशी आहे.

ती तिथे कशी आली, हे सांगायचं तर दोन गिऱ्हाइकांची गोष्ट सांगावी लागते.

पहिलं गिऱ्हाईक जपानचं. बिझिकॉम नावाची कॅल्क्युलेटर बनवणारी कंपनी १९६९ मध्ये इंटेलकडे आली. इंटेल तेव्हा वर्षभराची होती आणि तिचा धंदा मेमरीचा. बिझिकॉमला आपल्या कॅल्क्युलेटरसाठी डझनभर वेगवेगळ्या खास चिप हव्या होत्या. इतक्या चिप डिझाइन करायला इंटेलकडे माणसंच नव्हती. टेड हॉफ यांनी सुचवलं की प्रत्येक कामाला वेगळी चिप कशाला? एक साधा, सूचना वाचून चालणारा प्रोसेसर करू, आणि कॅल्क्युलेटरचं वागणं रॉममध्ये प्रोग्रॅम म्हणून लिहू. स्टॅन मेझर यांनी त्या आराखड्यावर काम केलं. पण आराखडा म्हणजे चिप नव्हे. एप्रिल १९७० मध्ये फेडेरिको फॅजिन इंटेलमध्ये रुजू झाले, तेव्हा काम जवळजवळ कागदावरच होतं. थोड्याच दिवसांत बिझिकॉमचे मासातोशी शिमा तपासणीला आले आणि काहीच झालेलं नाही हे पाहून संतापले. मग तेच शिमा तिथे थांबले आणि फॅजिन यांच्याबरोबर लॉजिक तपासायला बसले. फॅजिन यांनी आधीच्या नोकरीत, फेअरचाइल्डमध्ये, सिलिकॉन गेटचं तंत्र बसवलं होतं. त्याच्याशिवाय एवढे ट्रान्झिस्टर एका तुकड्यावर, एवढ्या वेगात बसले नसते. तक्ता "इंटेल ४००४, १९७१" एवढंच सांगतो. त्यामागे चौघांची नावं आहेत, त्यातला एक गिऱ्हाइकाचा माणूस होता, आणि ही गोष्ट ओरलला विचारली गेली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

४००४ मध्ये २३०० ट्रान्झिस्टर. १० मायक्रॉनची रेघ. ७४० किलोहर्ट्झ. आणि पिन फक्त १६. हा १६ चा आकडा नीट बघा. इंटेलमध्ये तेव्हा १६ पिनांच्या पॅकेजवर भर होता, कारण मेमरीच्या धंद्यात तेच स्वस्त. प्रोसेसरला पत्ता पाठवायचा, सूचना आणायची, डेटा न्यायचा, आणि हे सगळं चार तारांवरून. म्हणून एकाच चार तारांवर आधी पत्त्याचे तीन तुकडे, मग सूचनेचे दोन तुकडे, असं पाळीपाळीने पाठवायचं. एका तारेवर वेळ वाटून दोन कामं करणं म्हणजे मल्टिप्लेक्सिंग. ८०८५ च्या एडी० ते एडी७ या पिना पहिल्यांदा बघून तुम्ही वैतागला असाल, तर त्या युक्तीचं मूळ इथवर जातं.

बिझिकॉमला पुढे पैशांची ओढाताण झाली आणि त्यांनी कमी भाव मागितला. बदल्यात इंटेलने कॅल्क्युलेटर सोडून बाकी कुणालाही ही चिप विकायचा हक्क मागून घेतला, आणि बिझिकॉमचे ६०,००० डॉलर परत केले. 'इलेक्ट्रॉनिक न्यूज' या साप्ताहिकाच्या १५ नोव्हेंबर १९७१ च्या अंकात ४००४ ची जाहिरात आली.

पण तुमच्या लॅपटॉपचा खरा पूर्वज ४००४ नाही. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून आला, आणि हे फार कमी ठिकाणी शिकवतात.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत कॉम्प्युटर टर्मिनल कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. तिचं डेटापॉइंट २२०० हे यंत्र दिसायला टर्मिनल, आत मात्र छोटा संगणक. त्याचा सूचनासंच व्हिक्टर पूर आणि हॅरी पाइल यांनी आखला होता. प्रोसेसर टीटीएल या साध्या लॉजिक चिपांनी भरलेल्या बोर्डावर होता. तो बोर्ड एका चिपमध्ये बसवता येईल का, हे काम इंटेलकडे गेलं, आणि टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सनेही तसाच प्रयत्न केला. चिप उशिरा झाली, बोर्डापेक्षा हळू चालणारी झाली, आणि गिऱ्हाइकाने ती घेतलीच नाही. डिझाइनचे हक्क इंटेलकडे राहिले. एप्रिल १९७२ मध्ये इंटेलने ती ८००८ या नावाने बाजारात आणली: ८ बिट, ३५०० ट्रान्झिस्टर, १८ पिना.

आता या टर्मिनलच्या खुणा मोजा. टर्मिनल दूरध्वनीच्या तारेवरून अक्षरं पाठवतं, आणि प्रत्येक अक्षराची पॅरिटी तपासतं. म्हणून प्रोसेसरमध्येच पॅरिटी फ्लॅग. आज पॅरिटीची गरज क्वचित लागते, पण जीडीबीने तुम्हाला दाखवलेला दुसरा बिट तोच आहे.

दुसरी खूण मोठी. डेटापॉइंटची सुरुवातीची मेमरी शिफ्ट रजिस्टरची होती. बिट एकामागून एक बाहेर येत, आणि प्रोसेसरही एका वेळी एकच बिट हाताळी. कागदावर बेरीज करताना आपण एककापासून सुरू करतो, कारण हातचा डावीकडे जातो. यंत्रालाही खालचा बिट आधी हवा. मग दोन बाइटांचा पत्ता साठवायचा तर खालचा बाइट आधी, वरचा नंतर, हीच रचना सोयीची. ८००८ ची मेमरी एकामागून एक बिट देणारी नव्हती, म्हणजे त्याला या उलट्या क्रमाची काही गरज नव्हती. पण सूचनासंच डेटापॉइंटचाच घेतला होता, म्हणून क्रम तोच राहिला. लिटल एंडियन म्हणतात तो हा. लॅबमधल्या ८०८५ च्या किटवर जंपची सूचना भरताना २००० हा पत्ता तुम्ही "०० २०" असा उलटा टाइप करता आणि पहिल्या दिवशी अर्धा वर्ग तिथेच चुकतो. ती चूक तुमची नाही, तो सॅन अँटोनियोच्या शिफ्ट रजिस्टरचा हिशोब आहे.

एप्रिल १९७४ मध्ये ८०८० आला. ८००८ ची सगळ्यात मोठी अडचण १८ पिनांची होती. ८०८० ला ४० पिना मिळाल्या, पत्त्याच्या १६ तारा सरळ बाहेर आल्या, ६४ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झ. फॅजिन आणि शिमा हेच यामागेही होते. शिमा तोवर इंटेलमध्ये आले होते. सुरुवातीचा भाव ३६० डॉलर. जानेवारी १९७५ मध्ये याच चिपवरचं अल्टेअर ८८०० हे किट एका अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं आणि घरात संगणक जोडणाऱ्यांची एक पिढी तिथून सुरू झाली.

८०८० वापरायला मात्र कटकटीचा. त्याला +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागत. घड्याळासाठी ८२२४, बसच्या नियंत्रणासाठी ८२२८, म्हणजे प्रोसेसर म्हणून प्रत्यक्षात तीन चिप. ८०८५ ने हे सगळं पोटात घेतलं. ५ व्होल्टचा एकच सप्लाय, आणि नावातला ५ त्याचाच. क्रिस्टल सरळ पिन १ आणि २ वर. इंटरप्टच्या ट्रॅप, ७.५, ६.५, ५.५ अशा वेगळ्या पिना, वर एसआयडी आणि एसओडी. इतक्या पिना आणायच्या कुठून? पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटाचे आठ बिट एकाच तारांवर टाकले, आणि "आत्ता तारेवर पत्ता आहे" हे सांगायला एएलई नावाची एक पिन दिली. ४००४ ची जुनी युक्ती, नव्या कारणासाठी.

इथे एक जवळचा प्रसंग सांगतो, कारण एएलई मला आकृतीतून कळला नव्हता. वजनकाट्याचे बोर्ड करताना एकदा दुकानातून ७४एलएस३७३ ऐवजी ७४एलएस३७४ आले. दोन्हींच्या पिना सारख्या, सॉकेटमध्ये चपखल बसतात. सोळा बोर्ड भरले, एकही चालू होईना. प्रोसेसर बदलला, ईप्रॉम पुन्हा जाळला, सप्लाय तपासला. दोन दिवस गेले. शेवटी आमच्या मिस्त्रींनी सीआरओची (तारेवरचा सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) एक प्रोब एएलईवर आणि दुसरी लॅचच्या आउटपुटवर लावली. ३७३ हा लॅच आहे: एएलई वर असेपर्यंत आत येईल ते बाहेर दिसतं, आणि एएलई खाली पडताना जे असेल ते धरून ठेवतो. ३७४ हा एएलई वर चढतानाच पकडतो, आणि त्या क्षणी तारेवर पत्ता अजून बसलेलाच नसतो. तो दर वेळी कचरा पकडत होता. सोळा चिप बदलल्या, सोळाही बोर्ड उठले. टायमिंग डायग्राम म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. परीक्षेत ती आकृती मी आधी तीन वेळा काढून मार्क मिळवले होते.

किटवर रोज वापरता तो आणखी एक आकडा: प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी ७६, म्हणजे एचएलटी. हा ७६ कुठून आला? मूव्हच्या सूचना बायनरीत लिहा: ०१, मग कुठे न्यायचं त्याचे तीन बिट, मग कुठून आणायचं त्याचे तीन बिट. बी, सी, डी, ई, एच, एल, एम, ए यांना अनुक्रमे ० ते ७ हे क्रमांक. एम म्हणजे एचएलने दाखवलेली मेमरी, क्रमांक ६, बायनरीत ११०. मग "मूव्ह एम, एम" होतं ०१ ११० ११०, म्हणजे हेक्समध्ये ७६. मेमरीतून उचलून त्याच जागी ठेवण्यात काही अर्थ नाही, म्हणून ती रिकामी जागा थांबण्याच्या सूचनेला दिली. ८००८ मध्येही हेच केलं होतं, फक्त तिथे सुरुवातीचे दोन बिट आणि क्रमांक दोन्ही वेगळे असल्याने तो आकडा एफएफ येत होता. हे एकदा बघितलं की ऑपकोडचा तक्ता पाठ करावा लागत नाही, तो मनातल्या मनात मांडता येतो.

त्याच काळातले दोन प्रतिस्पर्धी तक्त्यात एका ओळीत उरकतात, ते बरोबर नाही. फॅजिन यांनी १९७४ च्या अखेरीस इंटेल सोडली, राल्फ अंगरमन यांच्याबरोबर झायलॉग काढली आणि १९७६ मध्ये झेड८० आणला. ८०८० चे प्रोग्रॅम त्यावर चालत, वर नव्या सूचना, आणि डायनॅमिक रॅमला रिफ्रेश करायची सोय आतच. तो इतका टिकला की झायलॉगने मूळ झेड८० चं उत्पादन थांबवल्याचं जाहीर केलं ते २०२४ मध्ये. दुसरा ६५०२. मोटोरोलामधून बाहेर पडलेल्या चक पेडल, बिल मेन्श आणि सहकाऱ्यांनी एमओएस टेक्नॉलॉजीत तो केला आणि १९७५ मध्ये २५ डॉलरला विकायला काढला, जेव्हा बाकीचे शेकड्यांत भाव सांगत होते. ॲपल २, कमोडोर पेट, बीबीसी मायक्रो सगळे त्यावर. आपल्याकडे १९८४ च्या क्लास योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो दिले गेले. आज पन्नाशीला आलेले कितीतरी मराठी इंजिनिअर पहिल्यांदा बसले ते या ६५०२ समोर.

आता ८०८६. हा प्रोसेसर एक तात्पुरती सोय म्हणून सुरू झाला, आणि मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण हेच वाटतं. इंटेलची खरी आशा एका वेगळ्याच, अत्यंत महत्त्वाकांक्षी ३२ बिटी प्रोसेसरवर होती. पुढे तो आयएपीएक्स ४३२ म्हणून १९८१ मध्ये आला आणि मंद चालल्यामुळे पडला. पण १९७६ मध्ये तो लांबत चालला होता आणि तिकडे झेड८० बाजार खात होता. मधली जागा भरायला काहीतरी हवं होतं. सूचनासंच आखायचं काम स्टीफन मॉर्स यांना दिलं, जे सॉफ्टवेअरचे माणूस होते. दोन वर्षांत, जून १९७८ मध्ये, २९,००० ट्रान्झिस्टरचा ८०८६ बाहेर पडला.

अट एकच होती: ८०८० ची असेंब्ली यंत्राने ८०८६ मध्ये बदलता आली पाहिजे. म्हणून ए चा झाला एएल, एचएल ची झाली बीएक्स, बीसी ची सीएक्स, डीई ची डीएक्स. ८०८० ची "पुश पीएसडब्ल्यू" जमावी म्हणून फ्लॅगचा खालचा बाइट एएचमध्ये नेणारी एलएएचएफ ही सूचना घातली. गंमत बघा: एएमडीने ६४ बिटी रचना केली तेव्हा ६४ बिटी मोडमधून ही सूचना काढून टाकली होती, नंतर परत आणावी लागली, आणि ६४ बिटी विंडोज ८.१ ला तर ती असलेलाच प्रोसेसर लागतो. मेमरी १ एमबी हवी होती, रजिस्टर १६ बिटांचे. म्हणून सेगमेंटला १६ ने गुणून त्यात ऑफसेट मिळवायचा. यावर लोक फार तोंडसुख घेतात. मला ती टीका अन्यायाची वाटते. मॉर्स यांच्यासमोर ८०८० चा वारसा होता, वेळ थोडा होता, आणि त्यांनी ६४ केबीत अडकलेल्या प्रोग्रॅमना फार तोडफोड न करता १ एमबीत आणलं. हा दहा वर्षांतही जाणार नाही, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात असणार?

तो गेला नाही, कारण १२ ऑगस्ट १९८१. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या आयबीएमच्या छोट्या गटाने पीसीसाठी ८०८८ निवडला. म्हणजे आतून ८०८६, बाहेर डेटाच्या आठच तारा. ८०८० आणि ८०८५ साठी बनलेल्या स्वस्त आठ बिटी सोबती चिप त्याला सरळ जोडता येत. तुम्ही लॅबमध्ये वापरता त्या ८२५५, ८२५३, ८२५९ त्याच घराण्यातल्या. घड्याळ ४.७७ मेगाहर्ट्झ, हा विचित्र आकडा अमेरिकन रंगीत टीव्हीमुळे: बोर्डावर १४.३१८ चा एकच क्रिस्टल, टीव्हीच्या रंगासाठी तो चारने भागायचा, प्रोसेसरसाठी तीनने. एक क्रिस्टल वाचला. आयबीएमला चिपचा दुसरा पुरवठादारही हवा होता, म्हणून इंटेलने १९८२ मध्ये एएमडीशी करार केला. आजची इंटेल-एएमडी स्पर्धा त्या अटीवर उभी आहे.

मग पुढे सगळं जुनं सांभाळत वाढत गेलं. ८०२८६ ने १९८२ मध्ये १६ एमबी आणि प्रोटेक्टेड मोड दिला, पण त्यातून परत रिअल मोडमध्ये, म्हणजे ८०८६ सारखं चालण्याच्या जुन्या पद्धतीत, यायचं तर प्रोसेसर रिसेट करावा लागे. याच प्रोसेसरवरून आलेली एक गोष्ट मी ज्युनिअर मुलांना नेहमी सांगतो. ८०८६ मध्ये १ एमबीच्या पुढचा पत्ता गुंडाळून शून्यावर यायचा, आणि काही प्रोग्रॅम त्यावर विसंबून होते. २८६ मध्ये एकविसावी तार, ए२०, खरी आली आणि ते प्रोग्रॅम मोडले. आयबीएमने पीसी-एटीच्या बोर्डावर त्या तारेत एक गेट घातलं, आणि ते उघडायचं-मिटायचं काम कुणाकडे दिलं? कीबोर्ड कंट्रोलरकडे, कारण त्याची एक पिन मोकळी होती! मेमरीची तार उघडायला कीबोर्डच्या चिपला निरोप पाठवायचा. पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक पीसी चालू होताना हे करत होता.

८०३८६ १९८५ मध्ये आला, २,७५,००० ट्रान्झिस्टर, खरे ३२ बिट आणि पेजिंग. लिनक्स लिहिलं गेलं ते याच्यावर. ४८६ ने १९८९ मध्ये कॅश आणि गणिताचा भाग पोटात घेतला. १९९३ चा पेंटियम, ३१ लाख ट्रान्झिस्टर, एका घड्याळात दोन सूचना; त्याच्या विकासाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. नाव "५८६" का नाही? कारण नुसत्या आकड्यावर ट्रेडमार्क मिळत नाही. १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना त्याच्या भागाकारात चूक सापडली: आतल्या कोष्टकातल्या पाच नोंदी गायब होत्या. इंटेलला त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

१९९५ च्या पेंटियम प्रोपासून बाहेरून x८६ आणि आतून भलतंच असा कारभार सुरू झाला. सूचना आत शिरताना तिचे छोटे एकसारखे तुकडे करायचे, आणि जे तुकडे तयार असतील ते क्रम न पाळता आधी चालवायचे. छोट्या, एकसारख्या सूचनांची ही कल्पना रिस्कवाल्यांची, म्हणजे सूचना मोजक्या आणि साध्या ठेवा म्हणणाऱ्यांची: आयबीएमचे जॉन कॉक, बर्कलीचे डेव्हिड पॅटरसन, स्टॅनफर्डचे जॉन हेनेसी.

आणि इथेच तुमचा एआरएम येतो. बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न ही केंब्रिजची छोटी कंपनी ६५०२ नंतर काय घ्यावं या विचारात होती. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर १९८३ मध्ये ॲरिझोनात बिल मेन्श यांच्या कंपनीत जाऊन आले. ६५०२ ची पुढची पिढी तिथे मोजकी माणसं, साध्या सामानावर करत होती. ते हे करू शकतात तर आपणही करू, अशा खात्रीने दोघं परतले. विल्सन यांनी सूचनासंचाचं सिम्युलेशन बीबीसी बेसिकमध्ये लिहिलं. पहिली चिप २६ एप्रिल १९८५ ला आली आणि चालली. साधारण २५,००० ट्रान्झिस्टर, म्हणजे ८०८६ पेक्षाही कमी. स्वस्त प्लॅस्टिकच्या पॅकेजमध्ये बसावी म्हणून तापमान कमी ठेवायचं होतं. फर्बर यांनी करंट मोजायला मीटर लावला तर तो शून्य दाखवत होता. बोर्डावर सप्लायची जोडणीच झालेली नव्हती, आणि चिप बाकीच्या सिग्नलच्या पिनांमधून झिरपणाऱ्या विजेवर चालत होती. मोबाइलचा तेव्हा कुणी विचारही केला नव्हता. प्लॅस्टिकच्या पॅकेजसाठी केलेली काटकसर पंधरा-वीस वर्षांनी खिशातल्या फोनला उपयोगी पडली.

पीसीच्या बाजूला त्याच काटकसरीची आठवण उशिरा झाली. ट्रान्झिस्टर लहान केला की व्होल्टेजही उतरवता येतं आणि उष्णता आटोक्यात राहते, हे आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. तीस वर्षं ते पुरलं. मग गळती वाढली आणि व्होल्टेज उतरेना. पेंटियम ४ नोव्हेंबर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला आणि ४ चा बेत इंटेलने सोडून दिला. तिथून वेगाऐवजी कोअर वाढू लागले. ६४ बिटांसाठी इंटेलने जुनं सोडून इटॅनियम आणला होता, पण जिंकली एएमडीची २००३ ची रचना, जी ८०८६ वरच आणखी एक मजला चढवते. सगळी नवी घरं पडली आणि जुन्यावरचे मजले टिकले. अपवाद एआरएमचा, कारण त्याला पीसीच्या वाटेलाच जावं लागलं नाही. २०२३ मध्ये इंटेलने १६ बिटी जुनं सामान काढून टाकायचा, एक्स८६एस नावाचा प्रस्ताव मांडला. डिसेंबर २०२४ मध्ये तोही मागे घेतला.

आपल्याकडे सी-डॅकने पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० उभा केला तो इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर, म्हणजे बाहेरून आणलेल्या प्रोसेसरवर. आज आयआयटी मुंबईचा अजित आहे, आयआयटी मद्रासचा शक्ती आहे. अजितने स्पार्कचा सूचनासंच घेतला, शक्तीने रिस्क-५ चा. दोन्ही खुले संच, त्यामुळे कुणाचा जुना पत्ता उलटा लिहायचा की सुलटा, हे निदान कागद वाचून ठरवता येतं.

आता तुमचा प्रश्न, थेट एआरएम का नाही. एआरएम शिकाच, पुढच्या सत्रात कॉर्टेक्स-एमचा एखादा बोर्ड घ्या, नोकरी त्यावर मिळेल. पण त्यात प्रोसेसर, मेमरी आणि त्यांच्यामधली बस एकाच चिपच्या पोटात असते. तिथे प्रोब लावायला जागा नाही. ८०८५ मध्ये बस उघड्यावर आहे. आणि तो अगदीच वाया गेलेला म्हणाल, तर १९९७ मध्ये मंगळावर फिरलेल्या सोजर्नर गाडीत त्याचीच सीमॉस आवृत्ती होती.

म्हणून पुढच्या प्रॅक्टिकलला एवढं करा. किटच्या रॅममध्ये २००० पासून सी३, ००, २० भरा. स्वतःवरच उडी मारणारी एक सूचना. चालू करा. सीआरओची एक प्रोब पिन ३० वर, म्हणजे एएलईवर, आणि दुसरी पिन ३२ वर, म्हणजे रीडवर. ६.१४४ चा क्रिस्टल असेल तर एक टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक फेरा, सुमारे ३२५ नॅनोसेकंदांचा. एएलईचे ठोके एकसारखे दिसणार नाहीत: एक अंतर चार टी-स्टेटचं, पुढची दोन तीन-तीनची, मग पुन्हा चार. चारवालं सी३ ची ओळख पटवण्याचं, तीनवाली दोन पत्त्याची. मग दुसरी प्रोब रीडवरून काढून एडी५ वर, पिन १७ वर, न्या. पत्त्याच्या पहिल्या वाचनात रीड खाली असताना ती तार शून्यावर राहील, दुसऱ्या वाचनात वर जाईल. आधी ००, नंतर २०.